वाड्यातला गेम आणि स्पेक्ट्रमचा इम्युलेटर

आमच्या घरी १९८८ साली डीबी स्पेक्ट्रम प्लस आला, म्हणजे ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीच्या स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरचा भारतीय अवतार. मी सातवीत होते, दादा अकरावीत. बाबांचा टू-इन-वन, बारा इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणि मध्ये हा काळा डबा, असा संसार वाईच्या वाड्यात माजघरातल्या स्टुलावर मांडलेला असायचा. दादाने त्यावर बेसिक या प्रोग्रामिंग भाषेत एक टेक्स्ट ॲडव्हेंचर (शब्दांत आज्ञा देऊन खेळायचा गेम) लिहिला होता, आमच्याच वाड्यावर बेतलेला. देवघराची किल्ली हरवलीय, ती शोधायची. देवनागरी त्या मशीनमध्ये नव्हतीच, म्हणून 'दार उघड', 'उत्तर' असल्या आज्ञा रोमन अक्षरांत टाइप करायच्या. गेम कॅसेटवर आवाजाच्या रूपात साठवलेला असायचा. गेल्या दिवाळीत माळा आवरताना ती सी-६० कॅसेट सापडली. ती लॅपटॉपवर चालवेपर्यंत जे शिकले, ते इथे लिहितेय. तुमच्याकडे कॅसेट नसेल, नुसती उतरवलेली फाइल असेल, तर टेपचा भाग सोडा आणि कीबोर्डपासून वाचा.

इम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवर जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, मी फ्यूज वापरते. लिनक्सवर पहिली ठेच इथेच लागते. 'फ्यूज' नावाचं पॅकेज मागवलंत तर येतं भलतंच, फाइल सिस्टिमशी संबंधित काहीतरी. नावात 'इम्युलेटर' असलेलं पॅकेज हवं. शिवाय उबुंटूवर रॉमचं (मूळ मशीनमधला कायमचा प्रोग्राम) आणि युटिलिटीजचं पॅकेज वेगळं घ्यावं लागतं. रॉम घेताना चोरटं वाटायचं कारण नाही. सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅडने घेतला आणि इम्युलेटरसोबत रॉम वाटायला त्यांची परवानगी आहे. गेमचं तसं नाही. काहींच्या मालकांनी मोकळीक दिलीय, काहींनी साफ नाही म्हटलंय.

मशीन निवडायला एफ९ दाबा आणि ४८के (४८ किलोबाइट मेमरीचं मशीन) घ्या. आमचा डीबी आतून ४८केच होता. १२८केवर जुने गेम बहुतेक चालतात, पण एखादा मध्येच रुसतो, मग चूक गेमची की मशीनची हे शोधत बसावं लागतं.

आता टेप. डेकवर डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) असेल तर बंद करा. रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या प्रोग्राममध्ये, ४४१०० हर्ट्झ, आणि लेव्हल इतकीच की लाटेची टोकं कापली जाणार नाहीत. डेक स्टिरिओ असेल तर दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो बनवू नका. टेप वाचणारं हेड जरा तिरकं असलं तर दोन्ही बाजू पुढेमागे होतात आणि एकमेकींना खातात. डावी किंवा उजवी, जी स्वच्छ असेल तेवढीच ठेवा.

मी हे सगळं केलं आणि तरी 'आर टेप लोडिंग एरर' आलाच. टेपवरच्या प्रत्येक ब्लॉकच्या (माहितीच्या तुकड्याच्या) शेवटी पडताळणीचा एक बाइट असतो, तो जुळला नाही की हा निरोप येतो. मग आठवलं, दादा टू-इन-वनच्या हेडशेजारचा बारीक स्क्रू घड्याळजीच्या स्क्रू ड्रायव्हरने फिरवायचा आणि आई ओरडायची, "आता गाणी नीट लागणार नाहीत!" तेच केलं. ब्लॉकच्या आधी जो लांब 'पीऽऽऽ' येतो, हेडरच्या (नाव वगैरे सांगणाऱ्या पहिल्या ब्लॉकच्या) आधी साधारण पाच सेकंद, तो लावायचा आणि स्क्रू अगदी केसभर फिरवायचा. आवाज बोदा असतो, तो एका जागी एकदम टोकदार होतो. तिथे थांबायचं. पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवावं लागलं तर दोष दुसरीकडे आहे. स्क्रू होता तिथे परत आणा आणि टेपच पुसट झालीय का ते बघा.

मग फ्यूजच्या युटिलिटीजमधल्या 'ऑडिओ टू टेप'ने वेव्ह फाइलची (रेकॉर्ड केलेल्या आवाजाची) टीझेडएक्स फाइल केली, म्हणजे इम्युलेटरला वाचता येणारी टेपची नक्कल. एफ७ने ती उघडली आणि टेप ब्राउझरमध्ये पाहिलं. एक हेडर, त्याखाली डेटाचा ब्लॉक. हेडरवर दादाने दिलेलं नाव, 'वाडा'. इतकं दिसलं की निम्मी लढाई जिंकली.

विकतच्या गेमची फाइल मिळत असेल तर टॅप या साध्या टेप-फाइलपेक्षा टीझेडएक्स घ्या. ज्या गेममध्ये कंपनीने स्वतःचा वेगवान लोडर घातलेला असतो, त्याची खरी नक्कल टॅपमध्ये मावत नाही.

फाइल एफ७ने उघडली की लोड करताना नवे लोक अडकतात कीबोर्डवर. खाली 'के' लुकलुकत असतो, म्हणजे मशीन अख्ख्या शब्दाची वाट बघतंय. एल-ओ-ए-डी असं टाइप करायचं नाही. जे दाबलं की 'लोड' हा पूर्ण शब्द उमटतो. मग कंट्रोल धरून पी दोनदा, म्हणजे दोन अवतरण चिन्हं. एंटर. टेप आपोआप सुरू झाली नाही तर एफ८. टेप ट्रॅप्स (टेप न वाजवता माहिती थेट मेमरीत भरायची सोय) चालू असतील तर साधी टेप क्षणात भरते. मला मात्र कडेचे निळे-पिवळे पट्टे बघायचे असतात, म्हणून मी ट्रॅप्स आणि फास्टलोडिंग दोन्ही बंद ठेवते.

गेम सुरू झाला. 'तू अंगणात आहेस.' मी उत्तर म्हटलं. 'कळलं नाही.' दक्षिण. 'कळलं नाही.' तुळस बघ. 'कळलं नाही.' अर्धा तास मी दादाच्या स्पेलिंगला दोष देत होते. भानगड निराळीच होती. स्पेक्ट्रमच्या बेसिकला मोठी आणि लहान अक्षरं वेगळी वाटतात, आणि दादाने सगळे शब्द मोठ्या लिपीत लिहिलेले. कॅप्स लॉक दाबला, कर्सर 'एल'चा 'सी' झाला आणि वाडा उघडला! घरगुती बेसिक गेम काहीच ऐकत नसेल तर आधी हे करून पाहा.

आतला प्रोग्राम वाचायचा असेल तर बाहेर पडायची युक्ती लागते. गेम आज्ञेची वाट बघत असतो, तिथे 'स्टॉप' लिहिलंत तर तोही खेळातलाच शब्द समजला जातो. आज्ञा घ्यायला बेसिकमधलं इनपुट लाइन वापरलेलं असेल तर खालचा बाण दाबा (मूळ मशीनवर कॅप्स शिफ्ट आणि ६). 'एच स्टॉप इन इनपुट' आला की के दाबून एंटर, म्हणजे 'लिस्ट', प्रोग्रामच्या ओळी दिसू लागतात. पान भरलं की 'स्क्रोल?' विचारतो, तेव्हा कुठलंही साधं बटण दाबा, पण एन किंवा स्पेस नको.

वेग १०० टक्केच ठेवा. दादाच्या गेमला फरक पडत नाही, तो बिचारा एंटरची वाट बघत बसतो. पण मेलबर्नच्या बीम सॉफ्टवेअरचा १९८२चा 'द हॉबिट' घ्या. तुम्ही विचार करत गप्प बसलात तरी त्यात वेळ पुढे सरकतो आणि बाकीची पात्रं आपापले उद्योग करत राहतात. चित्रं हळूहळू रंगतात म्हणून वैतागून वेग तिप्पट केलात तर विचार करायचा वेळही एक तृतीयांश होतो. 'ज्वेल्स ऑफ डार्कनेस'सारख्या काही गेमना लेन्सलॉक नावाचं चोरीविरोधी कुलूप होतं. पडद्यावरची विस्कटलेली अक्षरं प्लास्टिकच्या भिंगातून वाचायची. भिंग कुठून आणणार? त्यासाठी लेन्सकी नावाचा छोटा प्रोग्राम आहे.

खेळ जपून ठेवायला गेममधल्या 'सेव्ह'वर विसंबू नका. ते इम्युलेटरच्या मेमरीतल्या टेपवर लिहिलं जातं, आणि ती टेप मेनूतून फाइलमध्ये उतरवली नाही तर फ्यूज बंद करताच गेलं. माझी एक अख्खी संध्याकाळ अशीच गेली. एफ२ने स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या मशीनची अख्खी प्रत, घ्या. मी प्रत्येक खोलीत एक घेते, 'माजघर', 'ओटी', 'माडी' अशी नावं देऊन.

किल्ली सापडली ती आडाच्या रहाटाला बांधलेली. देवघरापाशी येऊन 'दार उघड' म्हटलं आणि खाली आलं '० ओके'. गेम संपला, ना शाबासकी, ना काही. लिस्ट काढली तेव्हा कळलं. तिथून गेम ओळ २४००वर उडी मारतो आणि प्रोग्रामच २३५०ला संपतो.

दादाला फोन केला. "अरे, देवघरात काय होतं?"

"तोवर बारावीची प्रिलिम आली गं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तो स्नॅपशॉट का काय, तो पाठव ना मला."