अडॅप्टरचं खोकं लावताना

नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकाच्या मागच्या गल्लीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, कुलरचा पंप, अॅम्प्लिफायर, राउटर, जे येईल ते मी उघडते. अशा दुकानात अडॅप्टर आपोआप साचतात, कारण वस्तू भंगारात गेली तरी तिचा अडॅप्टर टाकायला कोणाचा हात धजत नाही. माझ्याकडेही एका मोठ्या खोक्यात सगळे एकत्र कोंबलेले असायचे.

एका संध्याकाळी शेजारची पोरगी राउटर घेऊन आली. दुसऱ्या दिवशी तिची ऑनलाइन परीक्षा होती. मी बाहेर होते. भाच्याने खोक्यातून एक अडॅप्टर ओढला, पिन बसली, त्याने बटण दाबलं. अडॅप्टर जुन्या लॅपटॉपचा होता, १९ व्होल्टचा, आणि राउटर १२ चा. मी आले तेव्हा दुकानात जळका वास होता आणि भाचा म्हणत होता, "मावशी, पिन तर बरोबर बसली होती ना!" बसणारच. दोन्ही पिना बाहेरून साडेपाच मिलिमीटरच्या. आतलं भोक लॅपटॉपला अडीचचं आणि राउटरला २.१ चं, मोठं भोक बारीक काडीवर सैलसर का होईना, पण जातं. नवा राउटर मी माझ्या पैशाने दिला आणि त्याच रात्री खोकं जमिनीवर उपडं केलं.

आधी बाद करायचं काम करा, लावायचं नंतर. कॉर्ड, म्हणजे प्लगवाली सुटी वायर, हातात घेऊन प्लगपासून टोकापर्यंत बोटांनी चाचपत जा. प्लगच्या मानेशी आणि दुसऱ्या टोकाच्या मानेशी ती जास्त तुटते. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (तार सलग असली की तो वाजतो) ठेवून तिन्ही तारा तपासा आणि तपासताना मान हलवत राहा. आवाज तुटक आला तर कॉर्ड बाद. थ्री-पिनमध्ये वरच्या जाड पिनेची, म्हणजे अर्थिंगची तार हमखास बघा. ती तुटलेली असली तरी मशीन चालतं, म्हणून कोणाला कळत नाही आणि शॉक मशीनच्या पत्र्याला येतो. बाद कॉर्डचा प्लग तिथल्या तिथे पक्कडीने कापून टाका. नुसती बाजूला ठेवलेली कॉर्ड घाईच्या दिवशी कोणीतरी लावतंच.

अडॅप्टर तपासायला जरा वेळ द्या. हातात जड लागतो तो जुना, आत ट्रान्सफॉर्मर असलेला. त्याच्यावर १२ लिहिलेलं असून मीटर १६ दाखवत असेल तर तो बहुधा बिघडलेला नाही; लोड नसताना, म्हणजे पुढे वस्तू लावलेली नसताना, तो वरच जातो. फक्त नाजूक वस्तूला तो देऊ नका. हलका असतो तो नवा, आणि तो फसवतो. आतला कपॅसिटर सुकला तरी मीटरवर बरोब्बर १२ येतात, वस्तू लावली की ७-८ वर बसतात. म्हणून वस्तूच्या जागी लावायला मी १२ ओहम, २५ वॅटचा एक वायरवाउंड (तार गुंडाळलेला) रेझिस्टर फरशीच्या तुकड्यावर बांधून ठेवलाय. १२ व्होल्टला तो १ अँपियर ओढतो. अर्धा मिनिट लावायचा, मीटर बघायचा. ११.५ च्या खाली गेलं तर अडॅप्टर बाद. अर्ध्या अँपियरचा लहान अडॅप्टर असेल तर असे दोन रेझिस्टर एकापाठी एक जोडा. लॅपटॉपच्या अडॅप्टरला मात्र हा लावू नका, तिथे ३० वॅटवर जाऊन तो जळेल. आणि बोट लावू नका, चटका बसतो.

पास झालेल्यांवर लगेच लिहा. छापलेली अक्षरं अगदी बारीक असतात आणि घामाच्या हाताने पुसली जातात. मेडिकलमधली कापडी चिकटपट्टी घ्या. सेलोटेपचा गोंद आपल्या उन्हाळ्यात वितळून ओघळतो. पट्टीवर व्होल्ट मोठ्या आकड्यात, खाली अँपियर, आणि पिनेच्या मधल्या टिंबाला प्लस आहे की मायनस. बहुतेकांना मध्ये प्लस असतो, पण गिटारच्या पेडलला आणि काही कीबोर्डांना उलटं असतं. आउटपुटच्या आकड्यापुढे सरळ रेघ आणि खाली तीन तुटक रेघा असतील तर डी.सी., नागमोडी रेघ असेल तर ए.सी. ए.सी. वाल्यांना मी लाल पट्टी लावते. एक पट्टी ठोकळ्यावर आणि दुसरी पिनेपासून चार बोटांवर वायरीला, कारण लावताना हातात पिनच असते.

आता ठेवायचं. 'राउटरचे', 'सेट-टॉप बॉक्सचे' असे गठ्ठे करू नका, व्होल्टप्रमाणे करा: ५, ९, १२, १९, बाकीचे वेगळे. व्होल्ट तेवढेच हवेत. अँपियर वस्तूवर लिहिलेत तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नाही. मी संत्र्याच्या लाकडी पेट्या आडव्या रचल्या आहेत, आत पुठ्ठ्याचे कप्पे. फटींतून हवा खेळते. पेट्या कंबरेच्या उंचीवर आहेत, कारण मे महिन्यात बाहेर ४५ असतं तेव्हा टिनाखालचा वरचा फळा हात लावू देत नाही.

वायर ठोकळ्याभोवती करकचून गुंडाळू नका, मान तिथेच तुटते. वीतभर मोठे वेढे घ्या आणि नाडीने बांधा. परकराची सुती नाडी मी गुंडीने आणते, वीत-वीत कापते. रबर बँड इथे एका उन्हाळ्यात चिकट होऊन वायरीला डसतात. थर्माकोलही नको. पी.व्ही.सी. वायर त्याला टेकून वर्षभर राहिली की तिच्यातलं तेल थर्माकोलमध्ये उतरतं. मी एकदा डबा उघडला तर वायर थर्माकोलमध्ये खोल रुतली होती, सोडवताना त्याचा लगदा तिच्यासोबत आला. लांब कॉर्ड जाड लाकडी खुंटीवर टांगा, खिळ्यावर घडी पडते. ६ अँपियरच्या एका खुंटीवर, १६ च्या दुसरीवर, नाहीतर घाईत इस्त्रीला बारीक कॉर्ड जाते.

वर्षातून दोनदा सगळं काढते. एकदा होळीच्या आधी, कुलर दुरुस्तीला यायला लागायच्या आत. दुसऱ्यांदा पोळा झाल्यावर, कारण पावसाळ्यात उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतात. वायर हाताला चिकट लागली, पिन हिरवी पडली किंवा ठोकळा फुगला असेल तर तपासत बसत नाही, प्लग कापते. चांगली पिन असेल तर वीतभर वायरीसह कापून काचेच्या बरणीत टाकते, दुसऱ्या अडॅप्टरची पिन तुटली की ती कामी येते.