लुत्रो: गाडीरस्ता नसलेल्या ग्रीक गावात मुक्काम आणि जेवणाची सोय

क्रीट बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, पांढऱ्या डोंगरांच्या पायथ्याशी लुत्रो आहे. अर्धगोल खाडी, काठाने पांढरी घरं, निळ्या खिडक्या, मागे सरळ उभा डोंगर. गावात गाडी येत नाही, कारण रस्ताच नाही. यायचं तर बोटीने, नाहीतर पायी. जुन्या काळी याच भागात फिनिक्स नावाचं बंदर होतं. हिवाळ्यात जहाज सुरक्षित उभं करता येईल असं बंदर म्हणून बायबलमध्ये त्याचा उल्लेख आहे. आज इथे करण्यासारखं फार काही नाही. पोहायचं, चालायचं, जेवायचं, झोपायचं. ज्यांना रोज एक नवं ठिकाण ‘कव्हर’ करायचं असतं त्यांनी इथे येऊ नये.

लुत्रोत मुक्कामाचं गणित बोटीच्या वेळापत्रकावर ठरतं. म्हणून आधी बोट, मग खोली, मग विमान या क्रमाने आखणी करा. बहुतेक जण उलट करतात आणि पहिली रात्र बंदरावर बॅगा सांभाळत काढतात.

कधी जायचं

मेअखेर ते जून किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन इतकं असतं की दुपारी खोलीबाहेर पडवत नाही, आणि १५ ऑगस्टच्या मरियमच्या सणाला अख्खा ग्रीस सुट्टीवर निघतो. त्या आठवड्यात ऐन वेळी खोली मिळण्याची आशा धरू नका. ग्रीसच्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या ईस्टरचंही तसंच. तो आपल्या कॅलेंडरवर छापलेल्या ईस्टरच्या दिवशी येईलच असं नाही (२०२६ मध्ये १२ एप्रिल, २०२७ मध्ये २ मे), तेव्हा तारीख वेगळी तपासा. समुद्र सप्टेंबरमध्ये जूनपेक्षा जास्त कोमट असतो. हिवाळ्यात गाव जवळजवळ बंद असतं.

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. मोठ्यांसाठी शुल्क ९० युरो, आणि ३०,००० युरोचं आरोग्यसंरक्षण देणारा प्रवासविमा सक्तीचा. खोलीचं बुकिंग अर्जासोबत दाखवावं लागतं, म्हणून ते रद्द करता येईल अशा प्रकारचंच घ्या.

कसं पोचायचं

पहिला टप्पा क्रीटमधलं खान्या शहर. अथेन्सहून विमान आहे, किंवा अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून रात्रीचं जहाज, जे पहाटे सूदा बंदरात उतरवतं. सूदाहून खान्या साधारण ७ किलोमीटर, शहर बस मिळते. खान्याच्या एसटी स्टँडवरून (तिकडे त्याला ‘क्तेल’ म्हणतात) दक्षिण किनाऱ्यावरच्या स्फाकिया गावाची बस पकडायची. अंतर ७० किलोमीटरच्या आसपास, पण घाट असल्याने दोन तास धरा. शेवटच्या उतारावर वळणं इतकी आहेत की गाडी लागणाऱ्यांनी गोळी आधीच घ्यावी. स्फाकियाहून लुत्रोची बोट सुमारे वीस मिनिटांची.

बिघडतं ते इथेच. बस दिवसातून मोजक्याच, बोटीही मोजक्याच, आणि दोन्हींचं वेळापत्रक हंगामानुसार बदलतं. विमान दुपारनंतर उतरत असेल तर त्या दिवशी लुत्रो गाठायचा हट्ट सोडा आणि रात्र खान्यात काढा. परतीला तर हा नियम जास्त कडक पाळा: विमानाच्या आदल्या रात्री खान्यात असायलाच हवं. वारा जोराचा सुटला की बोट बंद होते आणि सुटका पायवाटेनेच होते. स्फाकियाची वाट समुद्राच्या कडेने सुमारे ६ किलोमीटर, दोन ते अडीच तासांची. वाटेत ग्लिका नेरा म्हणजे ‘गोडं पाणी’ नावाची पुळण लागते. तिथे गोट्यांमध्ये हाताने खड्डा केला तर खरंच गोडं पाणी लागतं. पण एका ठिकाणी कड्याच्या पोटातून जावं लागतं. पाठपिशवी असेल तर ठीक, चाकांची बॅग घेऊन अशक्य.

खोली कशी निवडायची

लुत्रोत मोठं हॉटेल शोधू नका. बहुतेक खोल्या खानावळींच्या वर किंवा मागे आहेत आणि चालवणारं घर तेच. पाटीवर ‘दोमातिया’ म्हणजे खोल्या. ‘स्तूदिओ’ लिहिलं असेल तर आत छोटी शेगडी, फ्रीज आणि दोन भांडी असतात. डाळभाताशिवाय तिसऱ्या दिवशी जीव कासावीस होणाऱ्यांनी स्तूदिओच घ्यावा.

बुक करताना तीन गोष्टी विचारा. खोली कितव्या मजल्यावर? लिफ्ट मिळेल असं धरू नका, आणि मागच्या रांगेतल्या घरांना पायऱ्या बऱ्याच. बाल्कनी समुद्राकडे की डोंगराकडे? समुद्राकडची महाग, खाली खानावळ असल्याने रात्री उशिरापर्यंत खुर्च्यांचा आणि गप्पांचा आवाजही येतो. लवकर झोपणाऱ्यांना मागची खोली स्वस्तही पडते आणि सोयीचीही. तिसरं, दरात सरकारी निवासकर धरला आहे का? २०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये एक-दोन तारांकित हॉटेलात दर खोलीला दर रात्री २ युरो आणि तीन तारांकितमध्ये ५ युरो कर आहे. तो बहुधा पोचल्यावर वेगळा घेतात. मालक फसवत नसतो.

याहूनही निवांत हवं असेल तर पश्चिमेकडची टेकडी ओलांडून फिनिकास किंवा त्यापुढे लिकोस. तिथे मोजकी घरं आहेत, प्रत्येकाची स्वतःची खानावळ. मात्र दोन जेवणं त्याच स्वयंपाकघरात होणार हे धरून चला. चार रात्री असतील तर तीन लुत्रोत, एक लिकोसला, हे वाटप आम्हाला पटतं. एकाच रात्रीसाठी मात्र लुत्रोला येऊ नये. येण्याजाण्यातच दोन दिवस जातात.

न्हाणीघरातली एक सूचना गंभीरपणे घ्या: कागद कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. ग्रीसमध्ये सांडपाण्याचे नळ अरुंद असतात आणि तुंबतात.

काय आणि कसं मागवायचं

शाकाहारी माणूस ग्रीसमध्ये उपाशी राहतो हा गैरसमज आहे. शब्द माहीत नसतील तर मात्र चार दिवस सॅलड आणि बटाट्यावर काढावे लागतात.

पहिला शब्द ‘लादेरा’. ऑलिव्ह तेलात, टोमॅटोबरोबर मंद शिजवलेल्या भाज्या: भेंडी, फरसबी, वांगी, दुधीसारखी कोवळी कोलोकिथी. हे पदार्थ सकाळी मोठ्या ट्रेमध्ये करून ठेवतात आणि कोमटच वाढतात. गरम करून द्या म्हटलं तर देतील, पण तेल सुटून चव जाते. खानावळीत आत जाऊन ट्रे बघायला मागा. तिकडे ते वावगं समजत नाहीत. दुपारी दीड ते तीनच्या दरम्यान जा. रात्री नऊला उरतात ते ट्रेच्या कोपऱ्यातले कोरडे तुकडे.

दुसरा शब्द ‘खोर्ता’, म्हणजे उकडलेली पालेभाजी, वर तेल आणि लिंबू. उन्हाळ्यात विचारा ‘व्लीता’ आहे का. ही राजगिऱ्याच्या कुळातली भाजी, आपल्या माठाची सख्खी बहीण. सॅलडमध्ये ‘ग्लिस्त्रीदा’ दिसली तर ती आपली घोळ.

तिसरी ‘फावा’: पिवळी डाळ शिजवून घोटलेली, वर कच्चा कांदा, तेल, लिंबू. घट्ट वरणच म्हणा. दोघांना एक फावा, एक लादेरा, एक दाकोस आणि पाव पुरतो. ताटल्या मोठ्या असतात. दाकोस म्हणजे जवाच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा चीज, ओरेगानो आणि भरपूर तेल. आल्या आल्या खाल्लात तर दात दुखतील, पंधरा मिनिटं ठेवलात तर लगदा होईल. टोमॅटोचं पाणी टोस्टच्या अर्ध्यापर्यंत उतरलं की खावा.

आता फसगतीच्या जागा. ‘निस्तीसिमो’ म्हणजे उपवासाचं. त्यात मांस, अंडी, दूध नसतं, पण ऑर्थोडॉक्स उपवासाला कालवं, कोळंबी, माकुळ चालतात. म्हणून नुसतं निस्तीसिमो म्हणून भागत नाही. ‘गामोपिलाफो’ दिसतो साध्या मऊ भातासारखा, शिजवलेला असतो मटणाच्या किंवा कोंबडीच्या पाण्यात. ‘तारामोसालाता’ ही गुलाबी चटणी माशाच्या अंड्यांची. ‘येमिस्ता’, म्हणजे भरलेले टोमॅटो-मिरच्या, खिम्याचे आहेत की ‘ओर्फाना’ हे विचारा. ओर्फाना म्हणजे अनाथ, बिनखिम्याचे. वाक्य पाठ करा: ‘इमे खोर्तोफागोस, ओही क्रेआस, ओही प्सारी’ म्हणजे मी शाकाहारी, मांस नको, मासे नको. आणि उत्तर ऐकताना लक्षात ठेवा की ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो. ‘यात मांस आहे का?’ला ‘ने’ आलं आणि आपण निर्धास्त जेवलो, असं होऊ शकतं. कांदा-लसूण नको असेल तर ‘खोरीस क्रेमीदी, खोरीस स्कोर्दो’. तेव्हा लादेरा विसरा, खोर्ता आणि बिनकांद्याचा दाकोस घ्या.

मासे खाणाऱ्यांसाठी: ताजा मासा किलोच्या भावाने लावतात. मासा दाखवून, वजन करून, आकडा ऐकून मगच भाजायला सांगा. बिलावरून होणारी बहुतेक भांडणं हे न केल्यामुळे होतात. मेनूवर नावापुढे ‘κατ.’ अशी खूण असेल तर माल गोठवलेला. सुटी वाइनही वजनानेच मागतात, ‘मिसो किलो’ म्हणजे अर्धा लिटर.

शेवटी स्फाकियानी पीता खाल्ल्याशिवाय उठू नका. कणकेत थोडं तेल आणि राकी (द्राक्षांची कडक दारू) घालतात, मिझिथ्राचा गोळा आत भरतात आणि पुरणपोळीसारखी लाटून तव्यावर भाजतात. वर मध. थंड झाली की चिवट होते, म्हणून जेवण संपत आल्यावरच सांगा. जेवणानंतर राकीची छोटी बाटली न मागता येते, तिचे पैसे नसतात. पावाचे मात्र बहुधा लावतात.

बॅगेत काय

शेंगदाण्याची किंवा लसणाची कोरडी चटणी जरूर घ्या. तिकडच्या जेवणात तिखट नसतं. तूप, पेढे, चीज नेऊ नका: युरोपीय संघात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. आपल्या तीन पिनांचा प्लग चालत नाही, दोन पिनांचा बारीक चार्जर चालतो. पुळणी गोट्यांच्या आहेत, पाण्यात समुद्री काटेगोळे असतात, तेव्हा रबरी बूट हवेत. रोख पैसे स्फाकियातच काढा, आणि यंत्राने रुपयांत पैसे घेऊ का विचारलं तर युरो निवडा. रुपयांचा दर महागात पडतो.

निघण्याच्या दिवशी धक्क्यावर एक खात्री करून घ्या. पूर्वेला स्फाकियाला जाणारी आणि पश्चिमेला आयिया रूमेलीला जाणारी बोट एकाच धक्क्याला लागतात. चढण्याआधी खलाशाला ‘स्फाकिया?’ असं विचारा आणि उत्तर ‘ने’ आलं तरच चढा. आयिया रूमेलीलाही गाडीरस्ता नाही.