डोमकळी दिसली की गुलाबी बोंडअळी आली समजा

पोळ्याच्या आगेमागे जूनमध्ये पेरलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पात्या-फुलांवर (कळ्या-फुलांवर) असते. या दिवसांत सकाळी शेतात एक फेरी फुलांसाठीच मारा. एखादं फूल पूर्ण उमललेलं नाही, पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या आहेत, ती डोमकळी. उकलून बघा, आत अळी बसलेली असते. अशा कळ्या बांधावर टाकू नका, पिशवीत गोळा करून जाळा.

बरेच जण गुलाबी रंग शोधत बसतात आणि तिथेच चुकतात. अंड्यातून निघालेली अळी पांढुरकी, काळपट डोक्याची असते. गुलाबी पट्टे मोठेपणी येतात. पांढरी दिसली म्हणून सोडू नका. कोवळ्या बोंडात ती शिरली की छिद्र बुजून जातं. अमेरिकन बोंडअळीसारखं मोठं भोक नाही, बाहेर विष्ठा नाही. बोंड वरून ठणठणीत, आत सरकी खाल्लेली आणि कापूस कवडी, म्हणजे डागाळलेला, खराब. म्हणून आठवड्याला एकरी 20 हिरवी बोंडं फोडून बघाच. दोनांत अळी निघाली तर नुकसानीची पातळी गाठली.

पतंग लांब तांदळाच्या दाण्याएवढा, करडा-तपकिरी, पंखांवर काळसर ठिपके, मागच्या पंखांना झालर. दिवसा तो भेगांत, पाल्यात दडतो, रात्री उडतो. त्यामुळे ओळख कामगंध सापळ्यातच होते, त्यात मादीच्या वासाची गोळी, म्हणजे लूर, ठेवून नर पतंग पकडतात. एकरी 2 सापळे पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर लावा. लूर गुलाबी बोंडअळीचीच, म्हणजे गॉसिप्लूर, मागून घ्या. दुसऱ्या अळीच्या लूरवर हा पतंग येत नाही. सलग 3 रात्री दर रात्री सापळ्यामागे 8 पतंग आले की उपाय सुरू करा.

अंडी 3 ते 6 दिवस, अळी साधारण दोन आठवडे, कोष आठवडाभर. महिन्याभरात नवी पिढी तयार. अळी अंड्यातून निघाल्यावर तासा-दोन तासांत आत शिरते आणि मग फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून अंड्यांच्या वेळीच 5 टक्के निंबोळी अर्क आणि ट्रायकोकार्ड (बोंडअळीची अंडी संपवणाऱ्या बारीक मित्रकीटकांचं कार्ड) वापरा. मात्र कार्ड लावल्यावर लगेच रासायनिक फवारणी नको. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं नोव्हेंबरआधी टाळा, पांढरी माशी भडकते. दोन-तीन औषधं एकत्र कालवू नका. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली. मास्क, हातमोजे, पूर्ण कपडे घातल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नका, मजुरालाही देऊ नका.

थंडीत हीच अळी दोन सरक्या जोडून त्यात महिनोन्‌महिने झोपून राहते. बोंडअळीला मारणारे जनुक घातलेल्या बीटी-2 बियाण्यालाही ती आता दाद देत नाही. फरदडीचे, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक राखून घेतलेल्या कापसाचे, चार-पाच मण सोडवत नाहीत, हे मी जाणतो, पण तिथेच पुढच्या हंगामाचे पतंग पोसले जातात. डिसेंबरअखेर वेचणी संपवा, पऱ्हाट्या उपटा, बांधावर गंजी लावून ठेवू नका.