एकट्यानं संगीत नाटक घेऊन फ्रिंजला निघालात? आधी हशाची सोय करा

स्कॉटलंडमधल्या एडिंबरा फ्रिंज या नाट्यमहोत्सवाला आपलं नाटक ‘सिलेक्ट झालं’ असं कुणी सांगितलं तर अभिनंदन करावं आणि विषय बदलावा. तिथे महोत्सव कुणालाच सिलेक्ट करत नाही. १९४७ साली नव्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाचं आमंत्रण नसताना आठ नाटक मंडळ्या तिथे जाऊन धडकल्या, मिळेल त्या जागी प्रयोग करून आल्या, आणि आगंतुकांचा तोच शिरस्ता आजही चालू आहे. जागा मिळवा, नोंदणीचे पैसे भरा, या. काही थिएटरं आपल्यापुरती निवड करतात, पण ती त्यांची. दर ऑगस्टला तीन हजारांच्या वर कार्यक्रम असतात. म्हणजे मरणावर विनोद करत एकटीच गाणारी बाई तिथे अजिबात दुर्मीळ नाही. याचं वाईट वाटून घेऊ नका. उलट, असं काही बघायला चटावलेला प्रेक्षक तिथे आयता असतो.

मी पुण्यात एकांकिकांमध्ये वाढले, आता ग्लासगोत नोकरी करते. माझ्या नाटकातली मुलगी वडिलांचा अंत्यविधी व्हिडिओ कॉलवर बघते. नेमका अग्नी देताना नेटवर्क जातं. मग दहाव्याला ती आपल्या फ्लॅटच्या गॅलरीत पिंड ठेवते, कावळ्याची वाट बघते, आणि सीगल येऊन पिंड पळवतो. पन्नास मिनिटं, बहुतेक इंग्रजी, ध्रुवपदं मराठी. चाली माझ्याच, वादकाचे पैसे नव्हते म्हणून बॅकिंग ट्रॅक, म्हणजे आधीच रेकॉर्ड करून ठेवलेली साथ. आणि घोडं पेंड खातं ते इथेच. बाकीचं सगळं तुम्ही निभावून न्याल, पण हे नीट वाचा.

ट्रॅक थांबत नाही. हे वाक्य इतकं साधं आहे की मला ते आधी कुणी सांगितलं असतं तरी मी मान डोलावून पुढे गेले असते. म्हणून आकडे घालून सांगते. १२० च्या लयीत चार मात्रांचा एक बार म्हणजे बरोबर दोन सेकंद. सीगलच्या कडव्यात पिंड पळवल्याच्या ओळीनंतर मी हशासाठी दोन बार मोकळे सोडले होते. चार सेकंद. घरी मैत्रिणींसमोर ते मापात बसले. प्रयोगाला एडिंबरामधली माणसं आली, ज्यांच्या हातातले चिप्स या पक्ष्यांनी लहानपणापासून पळवलेत. ती हसली ती हसतच राहिली. ट्रॅक आपला पुढे गेला, आणि पुढची ओळ, ‘त्याला नाहीतरी मासेच आवडायचे’, म्हणजे वडिलांना, त्या गदारोळात बुडाली. ती ओळ ऐकू आली नाही तर शेवटचं गाणं कुणाला कळणारच नाही. सगळं नाटक त्या एका ओळीवर टांगलेलं.

आता याची उलटी बाजू. दुसऱ्या दिवशी प्रेक्षक थोडे, पाऊस, सगळे ओले. तीच ओळ, आणि चार सेकंद काहीच नाही. नुसता ठेका वाजतोय आणि मी हातात रिकामा द्रोण घेऊन उभी. शेवटी कुणीतरी हसलं, तेव्हा मी पुढच्या ओळीत पोचले होते. त्या बिचाऱ्याला वाटलं आपण मेलेल्या माणसाला हसलो. पुढे पंधरा मिनिटं तो हूं की चूं करेना.

काळ्या विनोदात हे हमखास होतं, आणि साध्या विनोदी गाण्यात इतकं होत नाही. साध्या विनोदाला माणूस लगेच हसतो. मरणाच्या विनोदावर तो आधी शेजाऱ्याकडे बघतो. हसायची परवानगी आहे का, एवढं तपासायला त्याला दोन-तीन सेकंद लागतात. प्रेक्षागृह भरलेलं असेल तर कुणीतरी एक जण फुटतो आणि मग बाकीचे सुटतात. दहा-बारा डोकी असतील तर पहिला होण्याची तयारी कुणाची नसते. म्हणजे हशा कधी येणार आणि किती टिकणार, दोन्ही रोज बदलणार, आणि तुमचा ट्रॅक मात्र रोज तोच. त्यातून एकटा माणूस. समोर दुसरं पात्र असतं तर नुसत्या नजरेनं चार सेकंद भरून काढता आले असते.

आपल्याकडे कीर्तनकार एकटाच तास-दोन तास गातो, बोलतो, हसवतो, रडवतो. त्याचं का अडत नाही? पेटीवाला आणि तबलजी त्याच्या तोंडाकडे बघत बसलेले असतात. लोक हसले की ठेका घोळवतात, बुवांनी मान हलवली की समेवर येतात. आपल्याला हे ट्रॅककडून करून घ्यायचंय.

त्याचा उपाय आहे, आणि तो महागही नाही. गाणं एक सलग फाईल म्हणून ठेवूच नका. ब्रिटनमधल्या बऱ्याच छोट्या थिएटरांत आवाजाचे क्यू, म्हणजे कोणता आवाज कधी सुरू-बंद करायचा त्या सूचना, क्यूलॅब नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतात. ते फक्त मॅकवर चालतं. त्यात गाण्याच्या फाईलचे तुकडे पाडता येतात आणि हशाच्या जागेचा तुकडा अखंड फिरता ठेवता येतो. मग ‘डीव्हॅम्प’ नावाचा क्यू असतो. टेक्निशियननं तो दिला की फिरता तुकडा आपलं आवर्तन पुरं करतो आणि गाणं पुढच्या कडव्यात शिरतं, लय न मोडता.

‘आवर्तन पुरं करतो’ हे शब्द पुन्हा वाचा. फिरता तुकडा चार बारांचा असेल आणि क्यू त्याच्या सुरुवातीलाच पडला, तर तुम्ही आठ सेकंद लटकलात. म्हणून तुकडा एकाच बारचा ठेवा. उशीर झाला तरी दोन सेकंदांच्या आत. त्या बारमध्ये झांज ठेवू नका, लांब घुमणारा सूर ठेवू नका, नाहीतर जोड ऐकू येतो. आणि हशा आलाच नाही तर टेक्निशियनला लगेच खूण करायची. एक आवर्तन जातं, गाणं पुढे सरकतं, इथे विनोद होता हे कुणाला कळतही नाही. ही सोय मला सगळ्यांत मोलाची वाटते.

खूण शब्दाची नको. हशात शब्द ऐकू जात नाहीत. मी चष्मा कपाळावर सरकवते. टेक्निशियनच्या हातातल्या क्यूंच्या यादीवर, क्यूशीटवर, तेवढंच लिहायचं, ‘चष्मा वर, गो’. विनोदाचं स्पष्टीकरण लिहीत बसू नका. थिएटरचा टेक्निशियन तुमच्या आधी एक आणि नंतर दुसरा असे दिवसभर प्रयोग चालवत असतो, आणि तुमच्या वाट्याला बहुधा एकच तांत्रिक तालीम येते, तासाच्या प्रयोगाला दोन-तीन तासांची. तो वेळ लाईट सुंदर करण्यात घालवू नका. फिरते तुकडे आणि खुणा, एवढंच पुन्हा पुन्हा करा. लाईट काय, पिवळा असला तरी चालतो.

फिरत्या तुकड्याच्या वेळी तुम्ही काय करणार हेही ठरवून ठेवा. हशा ओसरायची वाट बघत उभं राहिलं की ते दिसतं. मी नवा पिंड वळायला घेते. चार सेकंद वळता येतो, पंधरा सेकंदही.

पायानं दाबायचं पेडल घेऊन स्वतःच क्यू देण्याचा शॉर्टकट अनेक जण सुचवतील. नको. त्याची बॅटरी जाते, आणि पुढच्या रांगेतल्या माणसाचं लक्ष तुमच्या पायाकडे जातं. दुसरा शॉर्टकट एआयकडून ट्रॅक बनवून घेण्याचा. तत्त्वाचा वाद बाजूला ठेवते, पण एकजीव झालेली फाईल हाती आली की बारच्या जोडावर ती स्वच्छ कापणं कठीण जातं. आणि ती कापणं हेच तर आपलं सगळं काम. पेटी किंवा गिटार वाजवता येत असेल तर ट्रॅकच्या फंदातच पडू नका, वाजवा. बसून करावं लागेल, हात अडकतील, पण हशा तुमच्या मुठीत राहील.

दुसऱ्याच्या चालीवर आपले शब्द बसवायचा मोह होईल. थिएटरचं नेहमीचं संगीत लायसन्स त्याला पुरत नाही, प्रकाशकाची परवानगी काढावी लागते. स्वतःची चाल बांधा, साधी असली तरी.

आता वेळ. एक तासाचा स्लॉट म्हणजे एक तासाचं नाटक नव्हे. लोक आत येणं, बाहेर जाणं, तुमचा पसारा उचलणं त्यातच येतं. पन्नासच्या वर जाऊ नका, आणि फिरत्या तुकड्यांमुळे रोज दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे होणार हे धरून एक गाणं असं ठेवा की ऐनवेळी गाळलं तरी कथेला भोक पडणार नाही. एकांकिका स्पर्धांत शिट्टीच्या धाकात सेट लावलेल्यांना हे जड जाणार नाही. आपल्या लोकांचा हा फायदा खरंच मोठा आहे, तो कमी लेखू नका.

प्रयोग कोणत्या वर्गात नोंदवायचा, यावर लोक फार कमी विचार करतात. ‘म्युझिकल्स अँड ऑपेरा’त टाकलं की प्रेक्षक मोठ्या गळ्याची अपेक्षा घेऊन येतो. ‘कॉमेडी’त टाकलं की रात्रीचा, दोन ग्लास पोटात असलेला प्रेक्षक येतो आणि तिसऱ्या मिनिटाला मृतदेह दिसला की हिरमुसतो. मी ‘थिएटर’ निवडलं आणि दुपारची वेळ घेतली. दुपारी वयस्कर माणसं येतात. त्यांनी चार-दोन जवळची माणसं पोचवलेली असतात, त्यांना परवानगी लागत नाही. मरणावर त्यांच्याइतकं मोकळं कुणी हसत नाही.

मराठी मंडळींना जरूर बोलवा, पण सगळी एकाच दिवशी नको. ती वेगळ्याच ठिकाणी हसतात. ‘भटजी म्यूटवर होते’ ही ओळ स्कॉटिश प्रेक्षकांसाठी नुसती माहिती आहे. आपल्या लोकांनी तिथे टाळ्या वाजवल्या आणि माझ्याकडे त्या जागी फिरता तुकडाच नव्हता.

पैशांबद्दल थोडक्यात आणि कडू. दहा पौंडांच्या तिकिटातून २० टक्के व्हॅट गेला की ८.३३ उरतात. साठ टक्के तुमचे, चाळीस थिएटरचे, या नेहमीच्या वाटणीत तुमच्या हाती पाच येतात, तेही इतर कापाकापीच्या आधी. करारात ‘गॅरंटी’ शब्द दिसला तर सुखावू नका, ती गॅरंटी तुम्ही थिएटरला देताय. तेवढी विक्री झाली नाही तर फरक तुमच्या खिशातून. पहिल्यांदा जाणाऱ्यानं फ्री फ्रिंजचा पर्याय बघावा असं माझं ठाम मत आहे. पीटर बकली हिल यांनी १९९६ मध्ये तो प्रकार सुरू केला. जागेचं भाडं नाही, तिकीट नाही, शेवटी दारात बादली धरायची. काही जणांना बादली धरायची लाज वाटते. नाटक करून कर्ज काढण्यापेक्षा ती लाज परवडली.

राहण्याचा खर्च मात्र सगळ्यांना सारखाच नडतो. ऑगस्टमधली भाडी अवाच्या सवा असतात, आणि स्कॉटलंडनं अल्पमुदतीच्या भाड्याला परवाना सक्तीचा केल्यापासून, ऑक्टोबर २०२३ पासून, स्वस्तातल्या खोल्या शोधणं आणखी अवघड झालंय. ग्लासगोहून रोज गाडीनं तासाभरात जाता येतं. मी तेच केलं. दमायला होतं, पण रात्री आपल्या गादीवर झोपता येतं.

भारतातून येणाऱ्यांना व्हिसाची धास्ती असते. ब्रिटिश सरकारच्या ‘परमिट फ्री’ महोत्सवांच्या यादीत हा फ्रिंज आहे, त्यामुळे कलाकाराला व्हिजिटर व्हिसावर येऊन प्रयोग करता येतो आणि मानधनही घेता येतं. अर्ज करताना ती यादी आणि त्या वर्षीचे नियम स्वतः उघडून वाचा, एजंटच्या भरवशावर राहू नका.

एजंटवरून आठवलं, मार्गदर्शक. पुढे टीव्ही मालिका म्हणून गाजलेलं ‘फ्लीबॅग’ २०१३ मध्ये याच फ्रिंजला एकपात्री म्हणून झालं, ‘सिक्स’ हे संगीत नाटक २०१७ मध्ये केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी इथेच पहिल्यांदा केलं. या दोन नावांच्या जोरावर किती जण महागडे कोर्स विकतात बघा. पैसे घेऊन प्रसिद्धी सांभाळणारी माणसंही भेटतील. समीक्षक येईलच असं त्यातला प्रामाणिक माणूस कधी म्हणत नाही, यावरून ओळखा. मला एका नामवंत गुरुजींनी सांगितलं होतं की गाणी काढून टाक, विषय गंभीर आहे. फिरता तुकडा एकाच बारचा कर, हे सांगितलं थिएटरच्या टेक्निशियन पोरानं, विडी ओढता ओढता. त्याचं वय माझ्या निम्मं.

परीक्षण आलं नाही तर? बहुतेकांचं येत नाही. परीक्षणात मिळालेले तारे छापून पत्रकांवर चिकटवणारे शेजारी बघून पोटात गोळा येईल, येऊ द्या. एडिंबरातल्या रॉयल माईल या रस्त्यावर पत्रकं वाटताना तुमच्या नाटकाचं एक वाक्य तयार ठेवा. ‘दुःख, आठवणी आणि ओळख’ असलं काही नको. मी ‘सीगलनं माझ्या बाबांचा पिंड खाल्ला’ एवढंच म्हणायचे. लोक थांबायचे. पिंड म्हणजे काय विचारायचे. अर्धा मिनिट सांगितलं की दहातला एखादा दुपारी खरंच यायचा, आणि तो कुठे हसणार हे मला रस्त्यावरच कळलेलं असायचं.

थिएटरं पुढच्या ऑगस्टच्या जागांचं बोलणं हिवाळ्यातच सुरू करतात, म्हणून संहिता पुरी व्हायची वाट बघू नका. तीन गाणी तयार असतील तर ती तुकडे पाडून बसवा आणि ओळखीच्या नसलेल्या दहा माणसांसमोर करून बघा. हसण्याच्या जागी घड्याळ लावा, आणि आकडे क्यूशीटच्याच मागे लिहून ठेवा.