गादीच्या मापाची चादर : कापड निवडण्यापासून अंथरण्यापर्यंत

सकाळी अंथरूण नीट करताना कंबर दुखते, रात्री कूस बदलली की चादर गोळा होऊन पाठीखाली येते आणि भिंतीकडचा कोपरा तर रोजच सुटतो. या तिन्ही तक्रारींचे मूळ बहुतेक घरांत एकच असते, ते म्हणजे चादरीचे माप आणि तिच्या कोपऱ्यांची घडण. अंथरणाऱ्याच्या हाताला किंवा झोपणाऱ्याच्या हालचालीला दोष देण्याआधी मोजपट्टी घेऊन पाच मिनिटे गादीपाशी बसावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. माझ्या आईचे गुडघे दुखू लागल्यानंतर गादी उचलणे तिला अशक्य झाले, तेव्हा मी घरातल्या सर्व चादरी एकेक करून मोजल्या. त्यातून जे शिकले आणि पुढे शिवून पाहिले, ते येथे क्रमाने मांडते.

उदाहरणासाठी ७८ इंच लांब, ७२ इंच रुंद आणि ६ इंच जाड अशी फोमची गादी घेऊ. बाजारात डबल बेडची म्हणून मिळणारी चादर पुष्कळदा ९० बाय १०० इंचांची असते. रुंदीच्या दिशेने गादीचा पृष्ठभाग ७२ इंच आणि दोन्ही बाजूंची जाडी १२ इंच, असे ८४ इंच कापड नुसते गादी झाकण्यातच संपते. उरलेल्या ६ इंचांपैकी प्रत्येक बाजूस गादीखाली खोचायला अवघे ३ इंच मिळतात. नवे सुती कापड पहिल्या काही धुण्यांत शेकडा ३ ते ५ इतके आटू शकते. रुंदी शेकडा ३ जरी आटली, तरी ९० इंचांचे साधारण ८७ होतात आणि खोचायला प्रत्येक बाजूस दीड इंच उरतो. दीड इंच खोचलेले कापड रात्रभर टिकणे शक्यच नाही. हाच हिशेब १०८ बाय १०८ इंचांच्या चादरीचा केला, तर रुंदीत प्रत्येक बाजूस १२ इंच आणि लांबीत ९ इंच खोचण जाते, आणि अशी चादर इलॅस्टिकशिवायही जागची हलत नाही. म्हणून चादर घेताना वेष्टनावरील ‘डबल’ किंवा ‘किंग’ हे शब्द न पाहता इंच पाहावेत, आणि खोचण प्रत्येक बाजूस निदान ६ इंच येईल असे माप घ्यावे.

घरात असलेल्या अपुऱ्या चादरी टाकून देण्याचे कारण नाही. गादीखाली जाणारा भाग कोणाला दिसत नाही, त्यामुळे जुन्या सुती साडीची किंवा धोतराची आठ इंच रुंदीची पट्टी चादरीच्या दोन्ही लांब कडांना जोडली की तीच चादर व्यवस्थित बसू लागते. पट्टीचे कापड आधी धुतलेले असावे आणि जोड गादीच्या वरच्या कडेवर न येता बाजूच्या उभ्या भागावर किंवा त्याच्याही खाली यावा.

कापडाविषयी

नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो, आणि रात्री कूलरची दमट हवा थेट अंथरुणावर येते. अशा हवेत कापडाने घाम शोषून घेणे आणि वारा आरपार जाऊ देणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरतात. कापूस हवेतील ओलावा स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्क्यांपर्यंत धरून ठेवतो, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणूनच पॉलिएस्टरमिश्रित चादर चुरगळत नसली, तरी मे महिन्यात अंगाला चिकटते. विदर्भासारख्या कापसाच्या मुलखात राहून पॉलिएस्टरवर झोपावे, हे मला पटत नाही.

थ्रेड काउंट म्हणजे एका चौरस इंचातील उभ्या आणि आडव्या धाग्यांची बेरीज. हा आकडा जितका मोठा तितकी चादर चांगली, अशी समजूत आहे. परंतु काही उत्पादक पीळ देऊन एकत्र केलेल्या दोन-तीन बारीक धाग्यांना वेगवेगळे मोजून आकडा फुगवतात. उन्हाळ्यासाठी दोनशे ते तीनशेच्या दरम्यानचे, साध्या विणीचे कापड पुरेसे असते. साध्या विणीत प्रत्येक धागा एकाआड एक वर-खाली जातो, त्यामुळे कापड मोकळे, थंड आणि किंचित करकरीत लागते. साटीनच्या विणीत मात्र धागा तीन-चार धाग्यांवरून तरंगत जातो. ते कापड मऊ आणि चकचकीत दिसते, पण अधिक उबदार असते आणि गुळगुळीतपणामुळे गादीवरून सरकतेही. ते डिसेंबर-जानेवारीच्या थंडीसाठी राखून ठेवावे.

नागपूरच्या इतवारी-गांधीबागेच्या कापडबाजारात चादरीचे कापड मीटरवर घेताना प्रथम पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारावा. आपल्या ७८ बाय ७२ इंचांच्या गादीसाठी १०८ इंच पन्ह्याचे कापड मिळाले तर मध्ये जोड द्यावा लागत नाही. हातमागाचे कापड पुष्कळदा कमी पन्ह्याचे असते आणि जोड देणे भाग पडते. दोन माणसे झोपणार असतील, तर मधोमध आलेला जोड दोघांच्या मध्ये पडतो आणि कोणालाच टोचत नाही. एकट्याच्या पलंगावर मात्र तोच जोड पाठीच्या कण्याखाली येतो, म्हणून तेथे मधला भाग अखंड ठेवून दोन्ही बाजूंना पट्ट्या जोडाव्यात.

मोजमाप आणि कापणी

विणताना ताणलेला धागा पाण्यात पडला की सैल होऊन मूळ लांबीकडे येतो. कापड आटण्याचे मुख्य कारण हेच. त्यामुळे आणलेले कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवावे, न पिळता वाळवावे, इस्त्री करावी आणि मगच कात्री लावावी. लांबीसाठी कापडाचा उभा धागा, म्हणजे ताणा, घ्यावा.

माप असे काढावे. गादीची लांबी ७८, दोन्ही टोकांची जाडी १२, गादीखाली जाणारी खोचण प्रत्येक टोकास ५ याप्रमाणे १०, कडेच्या नेफ्यासाठी प्रत्येकी १ याप्रमाणे २, आणि सैलपणासाठी १, असे एकूण १०३ इंच होतात. याच रीतीने रुंदी ७२, १२, १०, २ आणि १ मिळून ९७ इंच येते. येथे खोचण ५ इंचांचीच पुरते, कारण शिवलेला कोपरा कापडाला धरून ठेवतो. सैलपणाचा तो एक इंच वगळण्याचा मोह टाळावा, कारण पहिल्या भिजवणीनंतरही कापड थोडेसे आटतेच आणि ताणून बसवलेल्या चादरीच्या कोपऱ्यांची शिवण सर्वांत आधी उसवते. आटण्याचा हिशेब धरून २ मीटर ८० सेंटीमीटर कापड घ्यावे. १०८ इंचांचा पन्हा आटल्यावरही कडेला निदान पाच इंचांची पट्टी उरते. ती जपून ठेवावी, पुढे उपयोगी पडते.

कोपरा शिवण्यासाठी चादरीची उलटी बाजू बाहेर राहील अशा रीतीने कोपऱ्याला लागून असलेल्या दोन कडा एकमेकींवर ठेवाव्यात, म्हणजे कापड तिरके दुमडले जाऊन कोपऱ्याचे टोक तयार होते. जाडी ६, खोचण ५ आणि नेफा १ यांची बेरीज १२ इंच होते. टोकापासून कडेवर १२ इंचांवर खूण करावी आणि त्या खुणेपासून कडेला काटकोनात, थेट दुमडीपर्यंत सरळ शिवण घालावी. ही शिवणही बरोबर १२ इंचच भरली पाहिजे. कमी-जास्त भरली, तर कडा नीट जुळलेल्या नाहीत असे समजावे. प्रथम धावदोऱ्याची कच्ची शिवण घालून चादर गादीवर चढवून पाहावी आणि मापात बसल्यावरच मशीनची दुहेरी शिलाई मारावी. त्यानंतर अर्धा इंच राखून टोकाचे कापड कापावे आणि कडेला इंटरलॉक करून घ्यावे.

नेफा, इलॅस्टिक आणि नाडी

तयार चादरींमध्ये इलॅस्टिक थेट कापडावर शिवलेले असते. आपल्याकडच्या उन्हात वाळवून वाळवून ते दोन-तीन उन्हाळ्यांत सैल पडते आणि मग कापड धड असूनही चादर निकामी होते. यावर परकराच्या नेफ्यासारखा सोपा उपाय दुसरा नाही. कडेचा एक इंच दुमडून सर्व बाजूंनी नेफा शिवावा आणि प्रत्येक कोपऱ्याच्या शिवणीपासून दोन्हीकडे १२-१२ इंचांवर नेफ्याचे तोंड थोडे उघडे ठेवावे. मधल्या २४ इंचांत १५ इंच लांबीचे, अर्धा इंच रुंदीचे इलॅस्टिक सेफ्टी पिनेने ओवून दोन्ही टोके हाताने पक्की करावीत. चार कोपऱ्यांना मिळून ६० इंच, म्हणजे दीड मीटरपेक्षा किंचित जास्त इलॅस्टिक लागते. ते सैल पडले की चार टाके उसवून नवे ओवता येते.

कापसाच्या गादीसाठी इलॅस्टिकपेक्षा नाडीच बरी. नुकतीच पिंजून भरलेली गादी फुगलेली असते आणि वर्षभरात दबत जाते. तिची जाडी मध्यभागी वेगळी, कडेला वेगळी असते. ठरावीक खोलीचा कोपरा तिला एके दिवशी घट्ट होतो आणि सहा महिन्यांनी ढिला पडतो. म्हणून माप गादी पिंजून आल्यावर, सर्वांत जाड जागी घ्यावे आणि नेहमीच्या हिशेबापेक्षा दीड-दोन इंच खोली जास्त ठेवावी. नेफ्यातून उशाकडे एक आणि पायथ्याकडे एक अशा दोन नाड्या ओवाव्यात, त्या कोपऱ्यांना वळसा घालून फूटभर बाजूंवरही याव्यात, आणि त्यांची टोके मधोमध बाहेर काढावीत. गादी दबली की नाडी थोडी ओढून पुन्हा गाठ मारायची, एवढेच काम उरते.

ज्याला वाकता येत नाही त्याच्यासाठी

आईसाठी केलेला सर्वांत उपयोगी बदल अगदी छोटा होता. उरलेल्या पट्टीतून बोटे आत जातील एवढे, चार इंचांचे चार फासे करून ते प्रत्येक कोपऱ्याच्या शिवणीखाली कडेला पक्के शिवले. फाशात बोटे घालून कोपरा खाली ओढता येतो आणि गादी हातभर उचलण्याऐवजी टाच वर केल्याइतकीच, चार बोटे उचलावी लागते. सांधेदुखीमुळे ज्यांच्या बोटांत चिमटीचा जोर राहिलेला नाही, त्यांना हा फासा फार आधार देतो.

पलंग भिंतीला लावलेला असेल, तर चारही कोपरे सारखे करण्याचा हट्ट धरू नये. भिंतीकडचे दोन कोपरे वर सांगितल्याप्रमाणे शिवून त्यांत इलॅस्टिक घालावे आणि मोकळ्या बाजूस कोपरे न शिवता कापड पाच-सहा इंच जास्त ठेवून नुसते खोचावे. भिंतीकडची बाजू आठवड्यातून एकदा, चादर बदलतानाच हाताळावी लागते. रोज सकाळी फक्त समोरची बाजू ताणून खोचली की काम होते.

लांबी-रुंदीत थोडाच फरक असल्यामुळे चादर चुकीच्या दिशेने अंथरली जाते आणि तीन कोपरे बसल्यावर चौथा पुरत नाही, हा अनुभव पुष्कळांचा असेल. पायथ्याच्या नेफ्यावर मधोमध रंगीत फितीचा तुकडा शिवून ठेवावा. अंधुक दिसणाऱ्या माणसालाही तो हाताला लागतो. उशाकडचा भाग केसांच्या तेलाने आधी मळतो आणि विरतो, त्यासाठी त्या भागावर वीस इंचांची वेगळी पट्टी टाकून ती उशीच्या अभ्ऱ्याबरोबर धुण्याची सोय केली, तर मोठी चादर वारंवार धुवावी लागत नाही.

पावसाळ्यात शिवलेले कोपरे आणि नेफा आतून ओले राहून त्यांना कुबट वास येतो. वाळत घालताना कोपरे उलटे करून दोरीवर वेगवेगळे टाकावेत आणि नेफ्यात बोट घालून ओल तपासल्यावरच चादर कपाटात ठेवावी. दुसरी चादर शिवण्याची घाई करू नये. पहिली महिनाभर वापरून, चार-पाच वेळा धुऊन पुन्हा मोजावी, कोणता कोपरा किती सरकला ते कागदावर टिपून ठेवावे आणि तोच कागद पुढच्या कापणीच्या वेळी समोर घ्यावा.