फीवाढ अडवायची तर आधी कागद हातात घ्या

इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठातले कित्येक विभाग स्ववित्त आहेत. त्यांच्या खर्चाचा मोठा भार विद्यार्थ्यांच्या फीवर असतो. खासगीकरण असंच आत शिरतं. पाटी सरकारीच राहते, अनुदानाची जागा फी घेते.

परिपत्रक आलं की वाढ कुणाला लागू आहे ते आधी पाहा. ‘फक्त नव्या प्रवेशांना’ असं असेल तर जुने विद्यार्थी गप्प बसतात आणि नव्यांची एकमेकांशी ओळखही झालेली नसते. बहुतेक आंदोलनं इथेच फसतात. म्हणून वर्गावर्गात जाऊन फळ्यावर हिशेब मांडा. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची वर्षाची फी ४०,००० असेल आणि दरवर्षी १० टक्के वाढली, तर पाचव्या वर्षी ५८,५६४ रुपये भरावे लागतात. एकूण २,००,००० च्या जागी २,४४,२०४. टक्क्यांनी कुणी हलत नाही, या आकड्याने हलतात.

त्याच दिवशी १० रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज टाका, कारण उत्तराला ३० दिवस लागू शकतात. ‘फी का वाढवली?’ असं विचारू नका. कायद्याने उपलब्ध कागदच मिळतात, स्पष्टीकरण नाही. असा प्रश्न सहज फेटाळला जातो. विभागाचा तीन वर्षांचा जमाखर्च, फीच्या ठरावाचं कार्यपरिषदेचं इतिवृत्त आणि फाइलवरच्या टिपण्या मागा. विभागाकडे शिल्लक पडून असेल तर ‘खर्च वाढला’ हे कारण तिथेच कोसळतं.

ज्ञापन, म्हणजे निवेदन, कुलगुरूंच्या नावे, हिंदीत, एका पानाचं. मागण्या तीनच, प्रत्येकीत तारीख आणि रक्कम. आवक शाखेत देऊन आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्याच; एरवी ‘आम्हाला काही मिळालंच नाही’ हे ऐकावं लागतं. एक प्रत कुलाधिपतींना, म्हणजे राज्यपालांना, भोपाळला.

माहितीपत्रकातल्या फीपेक्षा जास्त पैसे मागितले तर यूजीसीच्या २०२३ च्या नियमांखाली विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. तिला १५ कामकाजाचे दिवस असतात. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील. मात्र वाढ माहितीपत्रकातच छापलेली असेल तर हा रस्ता फारसा चालत नाही, मग बळ धरण्यातच. धरण्याआधी पोलीस आयुक्तालयाचा कलम १६३ चा, म्हणजे जमावबंदीचा, आदेश लागू आहे का ते बघा आणि परवानगी लेखी मागा. विद्यापीठासमोरचा आरएनटी मार्ग अडवू नका. रुग्णवाहिका अडकली की मुद्दा फीचा राहत नाही.

फी न भरण्याची हाक जपून द्या. परीक्षा फॉर्म अडला की गरीब मुलं आधी भरडली जातात. त्यांनी मुदतीत फी भरावी, ‘निषेध नोंदवून भरत आहे’ असा अर्ज आवक शाखेत द्यावा, पावती जपावी. ज्ञापनात वाढीव रकमेच्या परताव्याची मागणी असलीच पाहिजे.