टायमिंग बेल्ट घरी बदलायचा तर आधी खुणांचा ताळा

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात ठेवणारा दातेरी पट्टा, घरी बदलता येतो का, असं कोणी विचारलं की मी उलट दोन प्रश्न विचारतो. तुमच्या गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल हाताशी आहे का? आणि काम अर्धवट राहिलं तर गाडी चार दिवस उभी राहिलेली चालेल का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर खुशाल बदला. मी पेशाने हिशेबनीस, मेकॅनिक नव्हे. पण घरातल्या गाड्यांचे बेल्ट मीच बदलतो. या कामात दांडगी ताकद लागते ती एकाच बोल्टला. बाकी सगळा मामला ताळा जुळवण्याचा.

सगळ्यात आधी तुमच्या इंजिनाला बेल्ट आहे की चेन, ते बघा. चेन असेल तर विषयच संपला. काही नव्या इंजिनांत बेल्ट आतमध्ये तेलात चालतो. ते प्रकरण वेगळं, त्याच्या वाटेला जाऊ नका. इथे बोलतोय ते प्लॅस्टिक कव्हरखाली कोरड्या चालणाऱ्या बेल्टबद्दल.

पिस्टनच्या जोराने फिरतो तो खालचा दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट, व्हॉल्व्ह उघडतो तो वरचा म्हणजे कॅमशाफ्ट. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक, हे प्रमाण हा बेल्ट आपल्या दात्यांवर सांभाळतो. पुष्कळ इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीने येतात. बेल्ट तुटला किंवा दाते सुटले, की पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) उतरवावं लागतं. आपलं इंजिन त्या जातीचं आहे की नाही हे माहीत नसेल तर ‘आहे’ असंच धरून चाला.

बदलायचा कधी, तर मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात. जे आधी पूर्ण होईल ते खरं. ‘गाडी फिरलीच कुठे?’ हा युक्तिवाद रबराला कळत नाही. बेल्ट वरून नवाकोरा दिसतोय यावरही जाऊ नका. भार पेलतात ते आतले काचतंतूंचे दोर, आणि ते बाहेरून दिसत नाहीत. बेल्टवर तेल किंवा कूलंट लागलेलं दिसलं तर मुदत बघत बसू नका, बदला. गळती कुठून होते तेही शोधा. बहुतेक वेळा क्रँकचं किंवा कॅमचं ऑइल सील गेलेलं असतं.

नुसता बेल्ट आणू नका. टेन्शनर (बेल्टला ताण देणारी पुली) आणि आयडलर (बेल्टला वाट दाखवणारी मोकळी पुली) नवे घ्या, आणि वॉटर पंप याच बेल्टवर फिरत असेल तर तोही. पन्नास बोल्ट खोलून तिथवर पोहोचायचं आणि जुनं बेअरिंग तसंच ठेवायचं, हा तोट्याचा व्यवहार. क्रँकचा बोल्ट एकदाच वापरायचा असेल तर मॅन्युअल तसं सांगतं; मग तोही आणा.

काम पूर्ण थंड इंजिनावर करायचं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, चाकाचे नट जमिनीवरच ढिले करा, मग गाडी उचलून घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेका. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. चाक आणि आतलं प्लॅस्टिकचं अस्तर निघालं की बाजूने क्रँक पुली दिसते. अल्टरनेटरचा बेल्ट काढण्याआधी त्याच्या वाटेचा फोटो घ्या. पेट्रोल गाडी असेल तर प्लगच्या खड्ड्यांतली धूळ आधी हवेने उडवा आणि मग सगळे प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं. त्या बाजूचं इंजिन माउंटिंग काढावं लागत असेल तर ऑइल पॅनखाली लाकडी फळी ठेवून जॅकचा आधार द्या.

आता तो एक बोल्ट, क्रँक पुलीचा. मॅन्युअल गिअरची गाडी असेल तर वरचा गिअर टाका, एकाला ब्रेक दाबून बसवा आणि सॉकेटला लांब पाइप लावून एका दमात जोर द्या. ऑटोमॅटिकला फ्लायव्हील धरायचं अवजार लागतं. खुणा जुळल्यावर क्रँक नेमक्या जागी धरणारी टायमिंगची पिन भोकात घालून तिच्या आधाराने हा बोल्ट कधीही सोडू नका, पिन त्यासाठी नसते. पाना चॅसीला अडकवून स्टार्टर मारायचा ‘जुगाड’ही कोणीतरी सांगेलच; मी तो करत नाही. पाना उडाला तर कुठे जाईल याचा नेम नाही. बोल्ट सोडताना क्रँक थोडा मागे सरकू शकतो, म्हणून हे काम खुणा जुळवण्याच्या आधी उरका. पुली निघाली की बोल्ट परत हाताने लावा. पुढे इंजिन फिरवायला तोच लागतो.

कव्हर काढलं की खरं काम सुरू. इंजिन त्याच्या नेहमीच्याच दिशेने सावकाश फिरवून पहिला सिलिंडर टीडीसीला, म्हणजे त्याचा पिस्टन सगळ्यात वर येईल तिथे, आणा. क्रँकच्या दातेरी पुलीवरची खूण ब्लॉकवरच्या खुणेसमोर आणि कॅमची खूण हेडवरच्या खुणेसमोर यायला हवी. बाहेरच्या पुलीवरच्या रेघा पुष्कळदा इग्निशनसाठी असतात. त्यांच्या भरवशावर राहू नका. खाली जुळलं पण कॅमची खूण बरोबर उलट बाजूला असेल तर काही बिघडलेलं नाही, क्रँकचा आणखी एक पूर्ण फेरा द्या. खूण नेहमी अगदी समोरून बघा. वरून वाकून बघितलं की अर्ध्या दाताचा फरक नुसत्या नजरेनेच पडतो. डोकं शिरत नसेल तिथे मोबाइल सरळ धरून फोटो घ्या.

कारखान्याच्या खुणा जुळल्या की माझ्या खुणा. टेबलावरचा व्हाइटनर इथे कामी येतो. पुली कोरड्या फडक्याने पुसून पुलीचा दात आणि त्यावर बसलेला बेल्टचा दात यांवर मिळून एक रेघ मारतो, वर आणि खाली. मग दोन रेघांमधले दाते मोजतो, घट्ट बाजूचे वेगळे आणि सैल बाजूचे वेगळे, आणि आकडा कागदावर लिहितो. बेल्ट काढला की पुन्हा मोजतो. दोन्ही आकडे जुळल्याशिवाय नव्या बेल्टला हात लावत नाही. नव्यावर त्याच आकड्यांनी रेघा मारल्या की बसवताना डोकं शांत राहतं.

टेन्शनर ढिला करून बेल्ट उतरवल्यावर क्रँक आणि कॅम दोन्ही जिथे आहेत तिथेच राहायला हवेत. दोन कॅमची इंजिनं इथे दगा देतात. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा दाब असलेला कॅम बेल्ट निघताच टुणकन फिरतो, म्हणून लॉकिंगचं अवजार आधी लावा. वॉटर पंप बदलायचा असेल तर कूलंट आधी भांड्यात काढून घ्या. ते चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागेल असं ठेवू नका. नव्या बेल्टवर त्याचा थेंबही पडता कामा नये.

नवा बेल्ट दुमडू नका, उलटा करू नका, स्क्रूड्रायव्हरने रेटून चढवू नका. आतले तंतू तिथल्या तिथे मोडतात आणि बाहेरून पत्ता लागत नाही. सुरुवात क्रँकपासून, टेन्शनर नसलेल्या बाजूने ताठ वर न्या, कॅमवर बसवा, आणि उरलेला सगळा ढिलेपणा टेन्शनरच्या बाजूला येऊ द्या. ताण देण्याची रीत प्रत्येक टेन्शनरची वेगळी. कुठे काटा खाचेसमोर आणायचा असतो, कुठे स्प्रिंग आपोआप ओढते, कुठे हायड्रॉलिकची पिन काढायची असते. मॅन्युअल सांगेल तसंच करा.

आता पाना घेऊन क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. यात घाई नको. प्लग काढलेले असल्यामुळे हाताला फक्त स्प्रिंगचा लवचीक विरोध लागतो, मध्येच जड, लगेच हलका. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला की हात ठक्कन थांबतो, लोखंडावर लोखंड. तिथे एक इंचभरही जोर लावू नका. थोडं मागे घ्या आणि खुणा पुन्हा बघा. दोन फेऱ्यांनंतर पुलींच्या खुणा जागेवर आल्या पाहिजेत. बेल्टवरच्या व्हाइटनरच्या रेघा मात्र येणार नाहीत, बेल्ट पुढे सरकलेला असतो. नवशिके इथे घाबरून सगळं परत खोलतात. बेल्टच्या रेघांचं काम बसवतानाच संपलं, आता फक्त पुलीच्या खुणा बघायच्या. त्याच वेळी ताणही पुन्हा तपासा.

‘एक दात चुकला तर काय मोठंसं’ म्हणणाऱ्यांसाठी हिशेब: क्रँकच्या पुलीला 20 दाते असतील तर एक दात म्हणजे क्रँकचे 18 अंश. खोला आणि परत बसवा.

जोडणी उलट क्रमाने. सगळे बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराइतकंच आवळायचा पाना), क्रँकच्या बोल्टला कोनाचं माप (त्यापुढे आणखी किती अंश फिरवायचा ते) दिलं असेल तर तेही. प्लग सुरुवातीला बोटांनी फिरवून बसवा, आटे जपा. कूलंट भरून हवा काढा, मगच स्टार्टर. शिट्टीसारखा आवाज आला तर बेल्ट जास्त ताणलाय, कव्हरला फटफट लागत असेल तर ढिला आहे, आणि इंजिन थरथरून चेक लाइट लागली तर लगेच बंद करून खुणांकडे परत. सगळं ठीक असेल तर इंजिन गरम होऊ द्या, पूर्ण थंड झाल्यावर कूलंटची पातळी पुन्हा बघा, आणि कव्हरवर तारीख आणि किलोमीटर लिहून टाका, पुसलं जाणार नाही अशा शाईने.